एकच रक्त, एकच गोळी

आमच्या माहेरी या आजाराला नाव नव्हतं. माणूस पडला, एवढंच म्हणायचे. आजी पडली. मग आई पडली. मग भाऊ पडला. पडला म्हणजे एक तर गेला, नाही तर अर्धा उरला, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

आई सीतादहीच्या दिवशी पडली. कापूस वेचायला लागायच्या आधी आमच्याकडे वावरात पऱ्हाटीची पूजा करतात, झाडाच्या बुडाशी दहीभात ठेवतात, त्याला सीतादही म्हणतात. आईने दहीभात ठेवला, हात जोडले. हात सोडले तेव्हा उजवा हात नुसता खाली लोंबला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि तिच्या घशातून एक आवाज यायला लागला, शब्द नसलेला. डोळे मात्र आमच्याकडे होते.

वेचायला आलेल्या बायांना वाटलं, तिच्या अंगात आलं. पूजेच्या वेळी आलं म्हणजे मोठंच भाग्य. एकीने तिच्या कपाळाला कुंकू लावलं. दुसरीने पदर पसरला आणि विचारलं, "बोल माय, काय पायजे तुले?" सगळ्या पाया पडल्या. मीसुद्धा पडले, माझ्या आईच्या. तिच्या पायाचा अंगठा थरथरत होता आणि मी त्यावर डोकं टेकवलं होतं.

तिचं काय होत होतं हे आम्हाला कळलं तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. बैलगाडीतून तिला पुलगावला नेलं. तिथून वर्ध्याला. ती पुढे बरीच वर्षं खाटेवर होती, पण बोलली कधी नाही. त्या दिवशी ती आम्हाला काय सांगत होती हे आता कोणालाच कळणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. दुकानात गेले आणि दुसरं गिऱ्हाईक आलं तर मी मागे सरकते. लिहिताना कोणी पाहत नाही म्हणून लिहिते आहे.

माझं सासर नाचणगाव. घरी मी आणि माझे मालक, थोडी शेती. एकच मुलगी. ती वर्ध्याजवळ पिपरी मेघेला दिली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती घरी आली होती, तेव्हा वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याची गाडी गावात आली. ज्या घरात एकापेक्षा जास्त माणसं अशी पडली आहेत त्यांचं रक्त तपासायचं होतं. बीपीचं मशीन घेऊन घरोघरी फिरणाऱ्या आशाताईने आमचं घर सांगितलं. तिला सगळं ठाऊक असतं.

अंगणवाडीत टेबल लावलं होतं. एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. तिने माझ्या माहेरची माणसं एकेक करून विचारली आणि कागदावर काढत गेली. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. ज्याला बीपी आहे किंवा जो असा पडला त्याचा चौकोन किंवा गोल पेनाने काळा करायचा. आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, गोल तिने काळा केला. आईचा केला. भावाचा चौकोन काळा केला आणि तिघांवर एकेक तिरपी रेघ मारली, कारण ती तिघं गेली. माझी मोठी बहीण आर्वीला असते, तिला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. तिचाही गोल काळा झाला. मग खाली माझा गोल आला आणि त्याला लटकलेला माझ्या मुलीचा. ते दोन रिकामे होते.

"तुमचं बीपी किती असतं, काकू?" तिने विचारलं.

मी मान खाली घातली. मुलगीच म्हणाली, "आईनं कधी मोजलंच नाई मॅडम. मशीन आलं का तिचं दूध उतू जाते."

डॉक्टरीण हसली. मला हसू आलं नाही. खरंच तसं होतं. आशाताई दारात मशीन घेऊन आली की मी चुलीकडे जायची. दूध ठेवलेलं नसलं तर ठेवायची.

रक्त घेताना तिने समजावून सांगितलं. म्हणाली, आई-बापाकडून जसा रंग येतो, नाक येतं, तशा रक्तात काही खुणा येतात. एक नाही, लहान लहान बऱ्याच. कोणात कमी, कोणात जास्त. काही घरांत अशा खुणा असतात की खाल्लेलं मीठ अंगातून लवकर बाहेर जातच नाही, थांबून राहतं, मग दाब वाढतो. "खूण आहे म्हणजे आजार होणारच असं नाही," ती म्हणाली, "पण डोळा ठेवायला हवा."

मला त्यातलं मीठ जास्त लक्षात राहिलं. कारण आमच्या माहेरची भाजी गावात खारी म्हणून ओळखली जायची. आम्हाला ती खारी लागत नसे. दुसऱ्या घरची अळणी लागे. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी विहीणबाई पहिल्यांदा जेवायला आल्या, तेव्हा वांग्याची भाजी खाऊन त्यांनी दोनदा पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "मिठाचा डबा हातून सांडला वाट्टे विहीणबाईच्या!" सगळे हसले. मी पदराआड गेले. नंतर मी पातेल्यातली भाजी चाखून पाहिली. मला ती बरोबरच लागली.

पुढे दवाखान्यातून फोन आला की रिपोर्ट तयार आहेत, येऊन समजून घ्या. मालक म्हणाले, "चाल, बसनं जाऊन येऊ." मी म्हटलं, तूर निघू द्या. तूर निघाली. मग मी म्हटलं, हरभरा होऊ द्या. मालक म्हणाले, "हरभरा झाला का तू म्हनशील गहू होऊ द्या. अवं, रिपोर्ट हाये, वाघ नाई."  वाघ तरी समोरून दिसतो, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात मुलीला दिवस गेले आणि रिपोर्ट सगळेच विसरले. मी सोडून.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातव्या महिन्यात मुलीला घेऊन येतात आणि ओटी भरतात. मला तिची वाट पाहताना आनंद व्हायला पाहिजे होता. पण खोली सारवायला घेतली तेव्हा मी एकच कोपरा पुन्हा पुन्हा सारवत राहिले. आजीपासून हे बायकांमधूनच खाली येत आलं होतं, आजीकडून आईकडे, आईकडून बहिणीकडे. माझ्याकडे आलं आहे की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. आणि आता मुलीच्या पोटात आणखी एक जीव होता, त्या कागदावर अजून न काढलेला.

ओटी भरायला आर्वीहून माझी मोठी बहीण आली. तिला आम्ही बाई म्हणतो, आणि माझी मुलगी मोठीमाय म्हणते. बाई माझ्या उलट. एसटीत बसली तर उतरेपर्यंत सगळ्या गाडीची ओळख काढते. येताना तिने पापड, कुरडया, भरलेल्या मिरच्या असं पिशवीभर आणलं. आल्या आल्या मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "अवं, गाल पाय किती भरले पोरीचे! आपल्याकडचं पानी मानवलं तिले."

मी मुलीचे पाय पाहिले. जोडवी बोटात रुतली होती. आजूबाजूची कातडी वर आली होती, जशी दोरी बांधून ठेवलेल्या झाडाची साल येते.

"दुखते का?" मी हळूच विचारलं.

"नाई, थोडी जड लागतात."

"काढून ठेव."

"काय बोलतं वं!" बाई ओरडली. "सवाशीन पोरीच्या पायातली जोडवी काढाची? ओटी भराच्या दिवशी? तेल लाव, ढिली होतात."

मी तेल लावलं. बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. मी तो खळगा पाहत बसले. आजूबाजूला ओटीची गाणी चालली होती, शेजारच्या बाया आल्या होत्या, तांदूळ, खोबरं, फुलं. मुलगी हिरव्या साडीत छान दिसत होती. मध्येच तिने कपाळावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आशाताई आली. तिने मुलीच्या हाताला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत भरली. मी दारातूनच पाहत होते. तिने आकडा मोठ्याने सांगितला नाही. मला बोलावून म्हणाली, "काकू, वाढला हाये. उद्या वर्ध्याले न्या. आजचा दिवस आराम करू द्या, मीठ कमी करा."

मी त्या दिवशी दोन पातेल्यांत भाजी केली. मुलीच्या पातेल्यात किती मीठ टाकावं हे मला कळेना. थोडं टाकलं, चाखलं, काहीच लागेना. मग टाकलंच नाही. मुलीने एक घास खाल्ला आणि बाजूला सारला. "आई, हे कसं खाऊ? डोकं दुखून राह्यलं, त्यात हे." बाईने तिच्या ताटात भरली मिरची ठेवली. मी ती उचलली. बाई माझ्याकडे पाहतच राहिली. मी आयुष्यात कधी तिच्या हातचं काही उचलून बाजूला ठेवलं नव्हतं.

सकाळी मी गाय पिळून आले तर बाई ओसरीवर बसून दात घासत होती, खुशीत. म्हणाली, "आता पाय, कशी झोपली पोरगी. डोकं उतरलं तिचं."

"कशानं?"

"मी माही गोळी देल्ली ना तिले. बीपीची. काल संध्याकाळी एक अन् आता पहाटी एक."

माझ्या हातातलं दुधाचं भांडं मी खाली ठेवलं. ठेवलं की पडलं, आठवत नाही. दूध सांडलं नव्हतं म्हणजे ठेवलंच असेल.

"बाई, कोनाले इचारलं?"

"कोनाले इचारू? तूच तं सांगत होती, डाक्टरीन म्हने आपलं समद्याइचं रक्त एकच हाये, त्यात एकच खून हाये. मंग आजार एक, तं गोळी येगळी कायले? मले लागू पडते ते तिले नाई पडन का?"

मला तिला रागवता आलं नाही. आमच्या माहेरी गोळ्या अशाच फिरत. भावाची गोळी संपली की बाई आपली द्यायची. बाईची संपली की भावाची यायची. मिरची-हळद एकमेकींकडून उसनी आणावी तसं. घरातल्या एकाला लागू पडलं ते सगळ्यांचं, असंच आम्ही समजत आलो. आणि डॉक्टरणीचं बोलणं मीच बाईला सांगितलं होतं, फोनवर. तिने ते ऐकून आपल्या परीने पुढे नेलं होतं. तिच्या डोळ्यांत भाचीची काळजीच होती.

 गोळी वाईट आहे हे मला माहीत नव्हतं. चांगली आहे हेही माहीत नव्हतं. पोटातल्या जिवाला काय चालतं हे बाईच्या डॉक्टरने बाईला सांगितलेलं नव्हतं, कारण बाईच्या पोटात कोणी नव्हतं. एवढंच मला सुचलं. मी खिडकीत पडलेली बाईच्या गोळ्यांची रिकामी पट्टी उचलली आणि पदराच्या गाठीत बांधली.

मुलगी उठली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली सूज होती. मी विचारलं, बाळ हलते का? ती थोडा वेळ हात ठेवून बसली. "हलते," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, मोठीमायनं गोळी देल्ली ते तिकडे सांगू नको हं. सासूबाई म्हनतील, माहेरी पाठवली तं काय भलतंच खाऊ घातलं. अन् आपल्या घरात समद्याइले हाये तेही नको सांगू."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला तसंच जमतं.

मालकांनी गाडी केली. वर्ध्यापर्यंत मी मुलीचा हात धरून बसले. बाहेर पऱ्हाटीची वावरं जात होती आणि मला प्रत्येक वावरात एक बाई हात जोडून उभी दिसत होती. तिच्या उजव्या हाताकडे मी पाहत होते. देवळीपाशी मुलगी म्हणाली, "आई, डोळ्यासमोर चांदण्या आल्यासारख्या होऊन राह्यल्या." मालकांनी ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, जरा जोरात." ते कधी घाबरत नाहीत. त्यांचा आवाज घाबरलेला होता.

दवाखान्यात जावई आणि विहीणबाई आधीच आले होते. तपासणीच्या खोलीत मोठ्या डॉक्टरबाई होत्या, चष्म्याच्या, घाईत असलेल्या. भोवती शिकणाऱ्या मुली-मुलं उभी होती. पडद्याआड दुसरी एक बाई कण्हत होती. मी दाराशी टेकून उभी राहिले. पट्टा बांधला, मोजलं, पुन्हा मोजलं. डॉक्टरबाईंनी लघवी तपासायला पाठवली आणि विचारलं, "डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काही येतं? कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"लोहाच्या," मुलगी म्हणाली.

"आणखी काही? बीपीची वगैरे? कोणी दिली?"

मुलीने सासूकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "नाई मॅडम," ती म्हणाली.

"घरात कोणाला बीपी?"

"नाई."

डॉक्टरबाई लिहायला लागल्या. मला माझ्या कानात माझंच रक्त वाजताना ऐकू यायला लागलं. खोलीत इतकी माणसं होती. विहीणबाई होत्या. मला वाटलं आत्ता दुसरं कोणीतरी बोलेल. मालक बाहेर होते, त्यांना आत घेतलं नव्हतं. मग मला आईचा तो आवाज आठवला, घशातला, शब्द नसलेला. तिला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. मला सांगता येत होतं.

"घेतली हाये," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही. मी पुढे झाले, पदराची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. दातांनी सोडली. ती रिकामी पट्टी मी टेबलावर ठेवली.

"हे गोळी देल्ली तिले. काल एक, आज पहाटी एक. माह्या बहिनीची हाये. अन् आमच्या घरात समद्याइले हाये, मॅडम. माही आजी पडली. माही आई पडली, ते पुढं बोललीच नाई. माहा भाऊ गेला त्याच्यानंच. बहीन गोळ्यावर हाये. इथल्याच लोकाइनं गावात येऊन आमचं रक्त घेतलं व्हतं, ते रिपोर्ट मी न्याले आली नाई."

एवढं मी एका दमात बोलले. आयुष्यात कधी इतकं बोलले नसेन. डॉक्टरबाईंनी पट्टी उलटी करून नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ही गोळी गरोदरपणात चालत नाही," त्या म्हणाल्या. "बाळाच्या किडनीला त्रास होऊ शकतो, गर्भातलं पाणी कमी होऊ शकतं. दोनच घेतल्या आहेत ना? नक्की दोन?"

"नक्की."

"मग आत्ता सोनोग्राफी करू. आई, तुम्ही सांगितलंत हे बरं केलं. मला हे माहीत नसतं तर मी औषध वेगळ्या अंदाजाने दिलं असतं."

विहीणबाई मला दाराबाहेर घेऊन आल्या. म्हणाल्या, "एवढं होतं तं सोयरिकीच्या वक्ती काऊन नाई सांगतलं?"

मी म्हटलं, "कोनी इचारलं नाई. अन् आमालेही ठाऊक नव्हतं, हे घरातून येते म्हनून. आमी समजत होतो, ज्याचं त्याचं नशीब."

 व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मध्ये माझी पिशवी. सोनोग्राफीच्या खोलीचं दार बंद होतं. मी त्या दाराच्या फटीतल्या उजेडाकडे पाहत होते. त्या उजेडात कोणाची सावली हलली की मी उठून उभी राहत होते. मला खात्री होती की आतून कोणी तरी येऊन वाईट सांगणार. मी ते ऐकायची तयारी करत होते आणि तयारी होत नव्हती. मध्येच विहीणबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी मला दिली.

गर्भातलं पाणी ठीक होतं. बाळाचे ठोके ठीक होते. पण मुलीच्या लघवीतून प्रोटीन जात होतं आणि दाब उतरत नव्हता. तिला भरती केलं. वेगळ्या गोळ्या दिल्या, तिच्या स्वतःच्या.

भरतीत असतानाच ती तरुण डॉक्टरीण भेटली, चौकोन-गोल काढणारी. तिनेच मला ओळखलं. "काकू, तुमचं दूध उतू गेलं का?" म्हणाली. मग बाजूला बसवून रिपोर्ट समजावला. माझ्यात त्या खुणा बऱ्याच होत्या. मुलीतही होत्या. "तुमच्याकडूनच गेल्या असाव्यात," ती सहज म्हणाली, जसं नाक आईवर गेलंय असं म्हणतात.

मी मान हलवली. मग नळावर जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ धूत राहिले. मुलगी लहान होती तेव्हा मी तिला ऊन लागू देत नसे, विहिरीकडे जाऊ देत नसे. आणि हे मी तिला ती जन्मायच्या आधीच देऊन ठेवलं होतं, मला न विचारता माझ्याच अंगाने. त्यापासून तिला कुठे लपवणार होते मी?

महिना पुरा व्हायच्या आधीच एका दुपारी दाब एकदम चढला. मुलगी म्हणाली, दिसत नाही नीट. नर्सा धावल्या. खाट ढकलत नेली. तिचा हात माझ्या हातातून निसटला तेव्हा तो गरम होता, मी तेवढंच लक्षात ठेवलं, की गरम होता. मालक भिंतीशी उकिडवे बसले. विहीणबाई काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं असेल. मला देवाचं काही आठवत नव्हतं. मी नुसती आईला म्हणत होते, तू बोल आता, तू बोल.

पोट चिरून तिला मुलगी झाली. आमच्या हाताच्या ओंजळीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. माझी मुलगी शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी आपला उजवा हात उचलून पाहिला. मला कळलं ती काय पाहत होती. तिलाही ठाऊक होतं सगळं, मी कधी सांगितलं नव्हतं तरी.

घरी आलो तरी तिचा दाब उतरला नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, काहींचा काही आठवड्यांनी आपोआप उतरतो, काहींचा राहतो. ज्यांच्या घरात असतो त्यांचा राहण्याची भीती जास्त. रोज मोजायचा.

बाई आर्वीला परत गेली होती. फोनवर ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही, मालकांशी बोलायची. मग एकदा मला म्हणाली, "मी आता माह्या गोळ्या पेटीत कुलुपात ठेवते. कोनी मांगतल्या तरी देत नाई." आणि म्हणाली, "तुले तं मोजून घ्याचं होतं ना? घेतलं का?" मी म्हटलं, घेईन. ती म्हणाली, "घे वं बाई. मी कोनाकोनासाठी रडू?"

काल विहीणबाई नातीला पाहायला आल्या. बाळ आता पेटीतलं नाही, कापडात गुंडाळलेलं असतं, अंगावर पितं. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "विहीणबाई, हिचं उष्टावन माह्या घरी करू. तुमच्या हातचं खाल्लं तं हिले तुमची खारी जीभ लागन." मुलगी हसली. मीही हसले थोडी. पण त्या खरंच बोलत होत्या, आणि मला ते पटत होतं.

तेवढ्यात आशाताई मशीन घेऊन आली. मुलीने हात पुढे केला. पट्टा फुगला, उतरला. आशाताई म्हणाली, "कालच्यापेक्षा कमी हाये. पण अजून गोळी सोडाची नाई." मुलीने डोळे मिटले आणि श्वास सोडला. मीही सोडला.

"आता आईचं," मुलगी म्हणाली.

"दूध ठेवलं हाये," मी म्हटलं.

"मी उतरवलं ते," विहीणबाई म्हणाल्या. "बसा."

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मला उठून जावंसं वाटत होतं. पण मी बसले. आशाताईने माझ्या दंडाला पट्टा बांधला. त्याला मुलीच्या हाताची ऊब होती. तो आवळत गेला, आवळत गेला, आणि माझ्या कोपराच्या आत माझं रक्त ठोके द्यायला लागलं. मला वाटलं तो आवाज सगळ्यांना ऐकू जात असेल. मी बाळाकडे पाहत राहिले. ती झोपेत ओठ हलवत होती.

आशाताई आकड्याकडे पाहत राहिली. पुन्हा हवा भरली. पुन्हा पाहिलं.

"किती हाये?" मी विचारलं.

ती मुलीकडे पाहायला लागली.

"माहा हाये ना? मग मले सांग."

तिने सांगितलं. बराच वाढलेला होता. ती म्हणाली, हे आजचं नसेल काकू, कधीचं असेल. उद्याच चला.

 डोळ्यांसमोर वावर आलं, दहीभात आला. पण मी तो आकडा पुन्हा एकदा म्हटला, मोठ्याने, घरातल्या सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. मालक अंगणात होते, त्यांनाही. मग मुलीने उठून माझ्या दंडावरचा पट्टा सोडला आणि जिथे तो आवळला होता तिथे हळूहळू चोळत राहिली.